एका हाताचा देव

आमच्या नांदेडच्या घरात मधल्या खोलीतला पंखा दोनच्या पुढं न्यायला बंदी आहे. मे महिन्यात अंगाची लाही लाही झाली तरी बंदी म्हणजे बंदी, कारण त्या खोलीत माझ्या नवऱ्याची, वाऱ्यानं पानं फाटतील अशी जुनी कॉमिक्स राहतात. आम्हीही तिथंच राहतो, पण मान त्यांचा आधी.

मिहिर ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो आणि उरलेल्या वेळात सुपरहिरोंची जुनी कॉमिक्स गोळा करतो. तीही सरसकट नाही. उत्तर युरोपातल्या, बर्फाच्या मुलखातल्या जुन्या देवांवरून ज्यांचे हिरो बेतलेत, तेवढीच. एक डोळा देऊन शहाणपण मिळवणारा राजा, हातोडा फेकणारा विजेचा देव, जगाला वेटोळं घालून बसलेला साप अशी सगळी मंडळी आमच्या लोखंडी कपाटात डांबरगोळ्यांच्या वासात नांदतात. बाकीचे नवरे क्रिकेटवरून भांडतात. आमचे हे सांगलीच्या एका दंतवैद्याशी, कुठल्या देवाची दाढी मूळ कथेत तांबडी आणि चित्रात सोनेरी कशी, यावरून तासभर फोनवर भांडतात. छापलेल्या शब्दावर याचा भारी जीव. आमची लेक मृण्मयी लहान असताना तिला झोपवायला गोष्ट सांगायचा, तेव्हासुद्धा पदरचा एक शब्द घालायचा नाही. तिनं "मग?" विचारलं की हा सांगायचा, "पुढं छापलेलं नाही."

त्याच्या या खजिन्यातलं सगळ्यात लाडकं दैवत परदेशी नव्हेच, चक्क मराठी आहे. हिमबाहू. कुण्या हौशी प्रकाशकानं बर्फातल्या देवांच्या कथा मराठी करून, जाड रेषांच्या चित्रांसकट स्वस्त कागदावर छापल्या होत्या. मिहिर दहा वर्षांचा असताना अहमदपूरला मामाकडं सुट्टीत गेला आणि तिथल्या भाड्याच्या लायब्ररीत त्याला अकरा अंक मिळाले. अकराव्यात असं होतं, की देवांना कराल नावाच्या राक्षसी लांडग्याला बांधायचं असतं. ते त्याला म्हणतात, गंमत म्हणून हा दोर तोडून दाखव, नाही तुटला तर आम्हीच सोडू. लांडगा म्हणतो, मग कुणीतरी माझ्या तोंडात हात ठेवा, विश्वास म्हणून. सगळे देव मागं सरकतात आणि एकटा हिमबाहू हात पुढं करतो. दोर जादूचा असतो, तो तुटत नाही. देव सोडत नाहीत आणि लांडगा जबडा मिटतो.

अंक संपला. मागच्या पानावर बाराव्या अंकाची जाहिरात होती. तिच्यात छोट्या काळ्या-पांढऱ्या चित्रात हिमबाहू आठ पायांच्या घोड्यावर बसून निघालाय, तलवार डाव्या हातात, उजवं मनगट रिकामं, आणि बाजूला लांडगा. आता तो लांडगा त्याच्यावर धावून येतोय की त्याच्याबरोबर पळतोय, हे त्या चित्रावरून काही केल्या कळत नाही. बारावा अंक लायब्ररीत कधी आला नाही. पुढं मिहिरनं अकराच्या अकरा अंक रद्दीवाल्यांकडून, घरोघर फिरून मिळवले, पण बारावा महाराष्ट्रात कुणी पाहिलेलासुद्धा नव्हता. मूळ कथेत लांडगा जगाच्या अंतापर्यंत बांधलेलाच राहतो, हे त्याला पाठ होतं. पण हिमबाहूच्या लेखकानं काय केलं? दोघांची गाठ पडली का? माफी कुणी कुणाची मागितली? लग्नानंतर पहिल्या आठवड्यात त्यानं मला हे विचारलं होतं. मी तेव्हा नवी होते, म्हणून ऐकून घेतलं.

माझं सांगायचं तर मी पशुधन विकास अधिकारी, म्हणजे गुरांची डॉक्टर. जळकोट तालुक्यात नेमणूक आहे, म्हणून आठवडाभर अहमदपूरला भाड्यानं राहते आणि शनिवारी एसटीनं नांदेडला येते. दिवाळी होऊन गेली होती. जळकोटजवळच्या एका गावातून किशनराव नावाच्या शेतकऱ्याचा फोन आला, की म्हैस अडलीय. गेले. रेडकाचा पाय मुडपला होता. मला घाम फुटला, पण म्हैस मोकळी झाली, रेडकू जगलं. हात धुऊन मी चहाला घरात टेकले. किशनरावांच्या आई, चतुराबाई, भिंतीतल्या देवळीपुढं दिवा लावत होत्या.

देवळीत एकच तसबीर होती. हळदीच्या भंडाऱ्यानं पिवळी पडलेली, कडेनं सोनेरी पट्टी. पांढऱ्या घोड्यावर तलवार घेतलेला वीर आणि सोबत कुत्रा. आमच्या भागात हे चित्र पाहिलं की कुणीही डोळे मिटून खंडोबा म्हणून हात जोडेल. मीही जोडले. पण जनावराचे पाय बघायची मला धंद्याची सवय. माझी नजर घोड्याच्या खुरांवर गेली आणि मी कप खाली ठेवला.

आठ पाय होते. आणि घोडेस्वाराला उजवा हात नव्हता.

"आजी, घोड्याला पाय किती आहेत?" मी विचारलं.

"देवाचा घोडा पळून राहिला की," चतुराबाई म्हणाल्या. "पळताना दिसत्यात जास्ती."

मग त्यांनीच सगळं सांगितलं. दीर वेगळे झाले तेव्हा घरचे देवाचे टाक रिवाजाप्रमाणं थोरल्याकडं गेले. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेले देव. धाकट्याची बायको म्हणून यांच्या वाट्याला शेत आलं, दोन म्हशी आल्या, देव आला नाही. त्या साली माळेगावच्या जत्रेत पुस्तकांच्या पालावर त्यांना हा दिसला. घोडा होता, तलवार होती, कुत्रा होता. घेतला, अहमदपूरला नेऊन काच बसवून आणला. किशनराव तेव्हा पाळण्यात होते. तेव्हापासून रोज दिवा आणि दर रविवारी भंडारा.

"पर एक सल हाय बग, लेकी," त्या आवाज उतरवून म्हणाल्या. "याचा हात मोडका हाय. बाया म्हणत्यात, भंगलेला देव घरात ठिवू न्हाई. मी म्हणलं, आपल्याला दुसरा कोन देतंय? ठिवला. पर कसा गेला असंल गं हात? कुणी तोडला असंल? दिवा लावताना रोज मनात येतं."

मला माहीत होतं कसा गेला ते. पण सांगणार कसं? त्यांना विचारून एक फोटो काढला आणि मिहिरला पाठवला.

नवऱ्याचा उलट फोन यायला चहा निवायचाही वेळ लागला नाही. म्हणाला, "विशाखा, तसबीर जाड आहे का? बाजूनं बघ, किती जाड आहे?" मी म्हटलं, चांगली बोटभर आहे. "म्हणजे आख्खा बारावा अंक आत असणार," तो ओरडलाच. "काचवाले पान फाडत बसत नाहीत, पुस्तकच दुमडून मागं घालतात आणि खिळे ठोकतात!"

त्या शनिवारी घरात दुसरा विषय नव्हता. सरळ जाऊन सांगू, मागू, असं त्याचं पहिलं म्हणणं होतं. मी म्हटलं, "सांग ना. त्या बाई इतकी वर्षं गोष्टीच्या पुस्तकाला नैवेद्य दाखवत होत्या, हेही सांग. तुझ्यात हिंमत असेल तर माझ्यासमोर सांग." सकाळी उठला तो एक बेत घेऊनच. आपण आजींना चांदीचा टाक द्यायचा. खंडोबाचा, सराफ्यातून मुद्दाम घडवून. त्यांना त्यांचा हक्काचा देव मिळेल, भंगलेल्या देवाचा सल जाईल. नवा देव बसला की महिनाभरानं सहज म्हणायचं, तो जुना फोटो आम्हाला द्या.

बेतात खोट काढावी असं काही नव्हतं. चतुराबाईंचं भलंच होतं. तरी मला त्या लांडग्याची आठवण झाली. गंमत म्हणून हा दोर तोडून दाखव, असं त्याला म्हणणारेही गोडच बोलले असतील. मी मिहिरला तसं म्हटलं, तर तो म्हणाला, "मी कुठं कुणाला बांधतोय?" आणि लगेच टाकाचं काम सांगायला गेला.

चंपाषष्ठीला टाक बसला. आम्ही दोघं गेलो होतो. चतुराबाईंनी तो तळहातावर घेतला आणि त्यांना रडूच फुटलं. "माझ्या घरी देव आला गं माय," एवढंच पुन्हा पुन्हा. मला लेक म्हणत होत्याच, मिहिरला जावई म्हणायला लागल्या, त्याच्या कपाळभर भंडारा लावला. हा देवळीसमोर मांडी घालून बसला होता. सगळ्यांना वाटलं असेल, केवढा भाविक माणूस! टाकाच्या मागं टेकवलेल्या तसबिरीवरून त्याची नजर हटत नव्हती. परत येताना गाडीत मला म्हणाला, "काचेला आतून ओल नाहीये. कागद शाबूत असणार."

पुढच्या रविवारी सकाळी आम्ही नांदेडलाच होतो. किशनरावांचा फोन आला.

"मॅडम, जावईबापूला घेऊन या बरं. माय म्हणून राहिली, तुमच्या हातानं झालं पायजे. नवा देव बसला न्हवं, तर आज जुन्याला बोळवून राहिलो. निवद झाला का नदीत सोडायचा."

मी फोन ठेवला आणि मिहिरला सांगितलं. त्याच्या हातात पोह्याचा घास तसाच राहिला. खरं तर आम्हा दोघांनाही कळायला हवं होतं. जीर्ण झालेला देव कुणी माळ्यावर ठेवत नाही, कुणाला देतही नाही. त्याला वाहत्या पाण्यात सोडतात. मिहिरच्या आजीचे देव असेच गोदावरीत सोडले होते, आणि सोडायला हाच गेला होता. पण अंकाच्या नादात त्याला ती तसबीर देव वाटलीच नव्हती. आणि मलाही, खरं सांगायचं तर, नाही.

गाडी काढली. अहमदपूर येईपर्यंत आम्ही भांडलो. तो म्हणत होता, मी आता खरं सांगणार, दुसरा इलाज नाही. मी म्हणत होते, आता सांगितलंस तर टाक तू लाच म्हणून दिलास असं होईल. अहमदपूर सोडल्यावर तो एकदम शांत झाला. म्हणाला, "मला तो अंक नको, विशाखा. घरी नको. मला फक्त कळू दे, काय झालं ते." एवढा शेहेचाळीस वर्षांचा माणूस, पण तोंडावर दहा वर्षांच्या मुलाची चिंता.

नदीवर पोचलो तेव्हा नैवेद्य झाला होता. किशनराव काठावर उकिडवे बसले होते. पाण्यात काच जायला नको म्हणून त्यांनी तसबिरीचे खिळे काढले होते. काच, लाकूड एकीकडं. दुसरीकडं ताटात भंडारा, खोबरं आणि कागदांचा पिवळा गठ्ठा.

"बगा मॅडम," किशनराव चकित होऊन म्हणाले, "देवाच्या पाठीमागं पोथी निघाली. आम्हाला पत्ताच न्हाई."

चतुराबाई गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. मिहिर दिसताच त्यांचा चेहरा फुलला. "बरं झालं आलास, जावई. किशनला अक्षर अक्षर लावून वाचावं लागतंय. तू मास्तर हायस. आधी वाच सगळं, मंग सोडू. देवाला बी जाता जाता आपली पोथी ऐकू दे." आणि किशनरावांकडून भंडाऱ्याचं ताट मागून घेऊन त्यांनी माझ्या हातात दिलं.

मिहिर बूट काढून, पँट दुमडून पाण्यात उतरला, मागोमाग मी ताट घेऊन. त्यानं वरचं पान उचललं, तर कोपऱ्याचा तुकडा बोटातच निघाला. पापडासारखा झाला होता कागद. एरवी हातमोजे घातल्याशिवाय स्वतःच्या कॉमिक्सना न शिवणारा माणूस, ओल्या हातानं ते पान धरून उभा राहिला आणि त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. काय म्हणून हलवली, मलाही माहीत नाही.

तो वाचायला लागला. नाव आलं तिथं अडखळला. "हिमबाहू," तो म्हणाला आणि थांबला.

"देवाला नावं लई असत्यात," चतुराबाई म्हणाल्या. "वाच तू."

सुरुवातीला मागच्या अंकाचं थोडक्यात दिलं होतं. देवांनी बोली कशी केली, हिमबाहूनं हात कसा ठेवला, दोर कसा तुटला नाही. चतुराबाईंनी पदर तोंडाला लावला. "म्हंजी कुत्र्याचा दोष न्हाई? देवांनीच फसविलं?"

"हो आजी. शब्द त्यांनी मोडला, हात याचा गेला."

"मंग हा भंगलेला न्हवं," त्या हळूच म्हणाल्या. "ह्यानं हात दिला." आणि वाचून झालेलं पान मिहिरच्या हातातून घेऊन त्यांनी पाण्यावर ठेवलं. मिहिरची बोटं क्षणभर कागदामागं गेली आणि परत आली.

मग तसंच चालू राहिलं. तो वाचायचा, चित्रात काय आहे तेही सांगायचा, त्या पान घेऊन सोडायच्या. हिमबाहू आठ पायांच्या घोड्यावरून गोठलेला समुद्र ओलांडतो. वाटेत विजेचा देव अडवतो, वेडा झालास का म्हणतो. एका डोळ्याचा राजा काही न बोलता वाट सोडतो. किशनराव पुढं सरकून ऐकत होते. माझ्या हातातलं ताट जड झालं होतं. फोटो काढायचं तर मला सुचलंही नाही, मला पुढं काय होतं ते ऐकायचं होतं. इतकी वर्षं ज्या गोष्टीची मी टर उडवली, तिच्यासाठी माझाच जीव टांगणीला लागला होता.

शेवटचं पान आलं. बर्फाची गुहा. लांडगा दोरानं जखडलेला, म्हातारा, हाडं वर आलेली. हिमबाहू म्हणतो, "मी दोर सोडायला आलो आहे." लांडगा म्हणतो, "तुझ्या शब्दावर विश्वास ठेवून मी बांधला गेलो. आता माझ्या तोंडात काय ठेवशील?" हिमबाहू तलवार खाली टाकतो. डावा हात उचलतो. लांडगा जबडा उघडतो.

मिहिर थांबला.

"मंग?" चतुराबाईंनी विचारलं.

मी त्याच्या शेजारी पाण्यात येऊन उभी होते. मला पान दिसत होतं. उघडा जबडा, त्यात हात, आणि खाली जाड अक्षरात छापलेलं: काय झाले हिमबाहूचे? वाचा पुढील अंकात.

पुढचा अंक कुणाच्या ऐकिवातही नव्हता. बहुधा तो निघालाच नव्हता. मिहिरच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला मी पाहिला. मला वाटलं, आता हा म्हणणार, पुढं छापलेलं नाही.

"मंग काय झालं, जावई? ह्यो बी हात गेला का?" म्हातारीचे डोळे त्याच्या तोंडावर खिळले होते. तिनं पाण्यात पाय घट्ट रोवले होते.

मिहिरनं पान डोळ्यांजवळ नेलं. "लांडग्यानं जबडा उघडला," तो वाचल्यासारखा म्हणाला, "आणि मिटला नाही." मग सावकाश, एकेक शब्द शोधत म्हणाला, "लांडगा म्हणाला, हात काढ. तू दुसऱ्यांदा ठेवलास, मला एवढं पुरे. त्या हातानं गाठ सोड."

"सोडली?"

"सोडली, आजी."

चतुराबाईंनी मोठा श्वास सोडला. "लई दिस झाले, वाट बगत होते," त्या म्हणाल्या. शेवटचं पान त्यांनी कपाळाला लावलं, त्यावर भंडारा उधळला आणि सोडलं. मग तसबिरीतलं वरचं चित्रही. ते थोडं तरंगलं, हळदीचा एक पट्टा पाण्यावर उमटला, आणि बुडालं. मिहिर ते गेल्यावरही तिथंच बघत उभा होता. मी त्याचा दंड धरून बाहेर आणला. तो रडत होता आणि लपवतही नव्हता. किशनरावांना वाटलं, भक्ती. त्यांनी त्याला खोबरं दिलं.

पुढचे काही दिवस मिहिरनं कपाट उघडलं नाही. दंतवैद्याचे फोन येऊन गेले, यानं उचलले नाहीत. मला काळजी वाटायला लागली. लबाडीनं मिळवायला निघाला होता, म्हणून मी चिडले होते. आता त्याचा तो रिकामा चेहरा मला बघवेना.

नंतर एका दुपारी लसीकरणाला त्याच गावात गेले. किशनरावांच्या अंगणात चतुराबाई शेंगा फोडत होत्या, भोवती नातवंडं आणि शेजारच्या दोन-चार बाया. गोष्ट चालली होती. मी ओळखली, आणि पटकन मिहिरला फोन लावून तो चतुराबाईंच्या दिशेनं धरला.

"...कुत्रा म्हणला, हात काढ. तू दुसऱ्यांदा ठिवलास, मला पुरे. मंग देवानं गाठ सोडली. आन कुत्र्यानं काय केलं? खोकला. असा मोठ्यांदा खोकला. आन पोटातला पयला हात काढून देवाच्या म्होरं ठिवला. म्हणला, घे, तुझा तुला. मी खाल्ला न्हवता, सांभाळून ठिवला होता."

पोरं हसली. एका बाईनं डोळे पुसले. पदरचा शब्द घातलेला न खपणारा माझा नवरा आता काय म्हणतो म्हणून मी कानाला फोन लावला.

"विशाखा," तो घाईघाईनं म्हणाला, "ठेवू नकोस. तिला विचार ना, मग काय झालं?"